गड्ड्याच्या आधी की नंतर?

मुलांच्या मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून केस हिस्टरी घेताना नुसती तारीख विचारणे मी केव्हाच सोडून दिले आहे. सोलापुरात "गड्ड्याच्या (म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) आधी की नंतर?" असे विचारले, की संक्रांतीचे दिवस आपोआप पक्के होतात.

गेल्या डिसेंबरात अकरा वर्षांचा एक मुलगा आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). यंत्रमागावर काम करणारे वडील म्हणाले, "लहानपणापासूनच असा आहे." मी तसेच लिहून घेतले आणि तिथेच चुकले. बाजूला बसलेली आजी, विड्या वळून राठ झालेला हात नातवाच्या पाठीवरून फिरवत, हळूच म्हणाली, "तसं नाही ओ बाई. मागच्या गड्ड्यात पाळण्यात बसायचं म्हणून रडून गोंधळ घातला यानं. गणपती बसल्यापासून भिंतीकडं बघून बोलायलाय."

स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) खुणा पहिल्या काही वर्षांतच दिसू लागतात. दहा वर्षे हसतखेळत वाढलेले मूल काही महिन्यांत तुटत गेले असेल, तर सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाशी नाते तुटण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो. मात्र सायकोसिसचाच एक प्रकार असलेला स्किझोफ्रेनिया तेरा वर्षांखाली फार विरळ असल्याने त्याआधी ताप, फिट, डोक्याला मार, चालू औषधे हे सारे खोदून विचारावे लागते. आईवडिलांचे नाते मामा-भाचीचे आहे का, हेही मी विचारते, कारण विल्सनच्या आजारासारखे (यात शरीरात तांबे साठत जाते) काही आनुवंशिक विकार अशा घरांत अधिक संभवतात आणि त्यांची सुरुवात कधी कधी वागणे बिघडण्यानेच होते. देवऋषाकडे नेले होते का, हे न रागावता विचारावे. "बाहेरचं झालंय" असे घराला पहिल्यांदा कधी वाटले, ती तारीख त्यातूनच हाती लागते.

मुलाशी मी एकट्याने बोलते. "आवाज येतात का?" असे थेट विचारले, तर लहान मूल पुष्कळदा नुसतेच "हो" म्हणून मोकळे होते.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये स्वमग्नतेवर जो निबंध लिहिला, त्यातील पहिल्या मुलाच्या वडिलांनी त्यांना 33 टंकलिखित पानांचे पत्र पाठवले होते. आमच्याकडे तेहतीस ओळीही कुणी लिहून आणत नाही. पण आजी येते.

मी "लहानपणापासून" खोडून "गणेशोत्सवापासून, साधारण तीन महिने" असे लिहिले आणि माहिती देणाऱ्याच्या रकान्यात वडिलांच्या खाली आजीचे नाव घातले.