बारा कागद, बाराही अस्सल

नववीत असताना एका शनिवारी सरांनी चित्रकलेच्या वर्गाच्या खिडक्या काळ्या कापडानं झाकल्या, पिवळा बल्ब लावला आणि आम्हा पाच जणांना आत घेतलं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी चालली होती, त्यामुळं स्टिल लाइफ असेल असं वाटलं. टेबलावर होती एक लाकडी चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेलं झिरझिरीत कापड. माझ्या मामांचं लक्ष्मीपुरीत लग्नपत्रिका छापायचं दुकान. चौकट बघताच मी म्हणालो, "सर, हे तर स्क्रीन प्रिंटिंग!"

"व्हय. पण आज पत्रिका नाही छापायची, चित्र काढायचं," सर म्हणाले.

आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या आमच्या कोल्हापुरात चित्र म्हणजे ब्रशनं रंगवलेलं. छापलेलं असतं ते कॅलेंडर. सरांनी ती समजूत त्या दिवशी मोडली. इंग्लंडमध्ये सॅम्युअल सायमन यांनी रेशमी पडद्यातून छापण्याचं पेटंट १९०७ साली घेतलं. पुढं मंदीच्या काळात अमेरिकेतल्या चित्रकारांनी हे दुकानदारीचं तंत्र आपलंसं केलं, आणि धंद्याच्या छपाईहून ते वेगळं ओळखावं म्हणून त्याला 'सेरिग्राफ' हे नाव मिळालं. हे सगळं सरांनी कापडाला पिवळसर इमल्शन, म्हणजे उजेडानं कडक होणारा लेप, लावता लावता सांगितलं. हातमोजे घातल्याशिवाय बायक्रोमेट या विषारी रसायनाच्या बाटलीला हात लावायचा नाही, ही ताकीद मात्र तीनदा दिली.

विषय मी निवडला होता, रंकाळ्यातला संध्यामठ. ट्रेसिंगवर काळ्या शाईनं काढलेलं चित्र वाळलेल्या स्क्रीनवर ठेवलं, वर काच दाबली आणि काळ्या कापडात गुंडाळून सगळं गच्चीवर नेलं. कापड काढलं, ऊन पडलं, सर घड्याळात बघत उभे राहिले. मग नळाखाली धरल्यावर पहिल्यांदा काहीच झालं नाही. थोड्या वेळानं शाईखाली राहिलेला भाग विरघळायला लागला. आधी एक खांब, मग पायरी, मग पाण्यातली सावली. उन्हानं कडक झालेलं तेवढं कापडावर राहिलं. मठ माझ्या हातात उघडत गेला! आज शिवाजी उद्यमनगरात पंपांच्या नेमप्लेट छापताना रोज स्क्रीन धुतो, तरी त्या क्षणी अजून हात थांबतो.

रंग चार, म्हणजे स्क्रीन चार. ब्रशनं काम करताना रंग बघत बघत बदलता येतो. इथं प्रत्येक रंग कुठं थांबणार हे आधी ठरवावं लागतं. फिकट पिवळा पहिला, गडद शेवटी. पिवळ्यावर पारदर्शक निळा ओढला आणि पाण्याच्या कडेला शेवाळी हिरवा आपोआप आला, न मिसळता. स्क्वीजीचा, म्हणजे कापडातून रंग ओढायच्या रबरी पट्टीचा, दाब दोन्ही हातांनी सारखा ठेवायचा आणि मधे थांबायचं नाही. थांबलं की तिथं रेघ उमटते.

एक चूक माझी. पहिले दोन रंग मी मे महिन्याच्या सुट्टीत छापले आणि तिसरा आषाढात. कोल्हापूरचा तो पाऊस, भिंतीसुद्धा ओल धरतात. कागदानं दमट हवा पिऊन घेतली आणि तो फुगला. कोपऱ्यावरच्या खुणा जुळत होत्या, पण मठाचा माथा सूतभर सरकलेला. वीस कागदांतले आठ वाया गेले. सर रागावले नाहीत. उरलेले कागद दोरीवर टांगून चार दिवस वर्गाच्याच हवेत ठेवायला लावले आणि चौथा रंग एका दिवसात उरकायला सांगितलं. तेव्हापासून मी कोणताही कागद आदल्या दिवशी टांगल्याशिवाय छापलेला नाही.

शाळेच्या प्रदर्शनात एका पालकांनी विचारलं, "यातलं ओरिजिनल कुठलं?"

"बाराही," सर म्हणाले. "मागं दुसरं चित्र नाहीच. हे कागदावरच जन्मलंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून चारही स्क्रीन साफ करून घेतल्या. तेरावा कागद पुन्हा निघणार नव्हता. मला रडू आलं होतं, आणि त्या दिवशी मला कळलं की छापण्यातही काहीतरी कायमचं संपतं.

प्रत्येक प्रिंटखाली पेन्सिलीनं डावीकडं क्रमांक, उजवीकडं सही. घरी आणलेल्या प्रतीवर ७/१२ लिहिलेलं होतं. वडील शेतकरी. त्यांनी चित्र लांब धरून बराच वेळ पाहिलं, मग खालच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"सातबारा हाय व्हय ह्यो?"

मी समजावून सांगितलं, बारातला सातवा. त्यांनी सही वाचली. "मग तुझ्या नावावर हाय की," म्हणाले, आणि ट्रंक उघडून जमिनीच्या कागदांवर ते अलगद ठेवलं. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. ट्रंक माझ्याकडं आहे. प्रिंट अजून तिथंच ठेवलंय, त्याच कागदांवर.