मोटरचा टॅब, सोल्डर आणि कल्हई

मागच्या रविवारी भाची तिची रोबोट गाडी घेऊन आली, तोंड उतरलेलं. शाळेतल्या स्पर्धेत गाडी काळ्या पट्टीवर अर्ध्यापर्यंत मस्त गेली आणि मग जागच्या जागी गोल फिरत राहिली, डावं चाक बंद. "मामा, कोडमध्येच काही तरी चुकून राहिलं," म्हणे. दोन दिवस ती आणि तिची मैत्रीण लॅपटॉपवर ओळ न ओळ तपासत बसल्या होत्या. मी गाडी उलटी केली, डाव्या मोटरची लाल वायर चिमट्याने जराशी ढकलली तर चाक फिरलं, सोडली की बंद. कोड अगदी बरोबर होता. वायर आतून तुटली होती, वरचं प्लास्टिक तेवढं शाबूत.

आणि तुटली कुठे ते बघा, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. सोल्डरचा, म्हणजे वायर चिकटवायला वितळवतात त्या मऊ धातूचा, जोड जसाच्या तसा होता, चकचकीत, ओढला तरी हलत नव्हता. वायर तुटली त्याच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे. सोल्डर लावताना ते वायरच्या बारीक तारांमधून वर चढतं, जसं वातीत तेल चढतं तसं, आणि जिथपर्यंत चढलं तिथपर्यंत वायर काडीसारखी कडक होते. पुढे वायर मऊच. मोटर थरथरते, गाडी टेबलवरून उचलताना वायर वाकते, आणि सगळा ताण ह्या कडक आणि मऊच्या सीमेवर येतो, एकेक तार तुटत जाते आणि शेवटची तुटते ती नेमकी स्पर्धेच्या दिवशी. सर्किट बोर्डवरचा जोड जागेवर शांत बसलेला असतो, मोटरवरचा जोड आयुष्यभर हलत असतो, हा फरक शिकवताना कोणी सांगत नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण मुलं मग स्वतःच्या डोक्याला दोष देतात.

ज्यांनी ह्या पिवळ्या बीओ मोटरी (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटरी) वापरल्या असतील त्यांना माहीत आहे की त्यांचे टॅब, म्हणजे वायर जोडायच्या पट्ट्या, किती पातळ असतात, तांब्याची पत्री जणू, दोनदा वाकवली की तिसऱ्यांदा हातात येते. आणि तो टॅब बसलाय प्लास्टिकच्या झाकणात, आतून त्याच पत्रीला ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारा तुकडा, जोडलेला. आपण बाहेरून सोल्डर वितळवायचं तापलेलं आयर्न टेकवून बसलो की उष्णता सरळ आत जाते, प्लास्टिक मऊ होतं, टॅब तिरका होतो आणि ब्रश जागेवरून सरकतो. मग मोटर फिरते पण अडखळत, किंवा फिरतच नाही. माझ्याकडून अशा चार-पाच मोटरी गेल्यात, त्यामुळे आता टॅबवर तीन सेकंदांच्या वर आयर्न ठेवत नाही. झालं नाही तर उचलायचं, मोटर गार होऊ द्यायची, मग पुन्हा.

तीन सेकंदात कसं होतं? तर आधी कल्हई करून. मी भाचीला हेच शब्द वापरून सांगितलं, पण तिने कल्हईवाला पाहिलेलाच नाही. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो तेव्हा गल्लीत यायचा तो, जमिनीत खड्डा करून भट्टी, भाता, आणि आजी पितळी भांडी घेऊन रांगेत. भांडं चांगलं तापल्यावर तो नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथलाचा तुकडा नुसता टेकवला की पघळायचा आणि कापसाने फिरवला की भांडं आतून चांदीसारखं. भांडं तापलं नसेल तर कथील धरत नाही, आणि भांडं साफ नसेल तरी धरत नाही. सोल्डरिंग म्हणजे शब्दशः हेच आहे. आपल्या 60/40 सोल्डर वायरमध्ये 60 टक्के कथीलच असतं, बाकी शिसं, ते 183 अंशांना पघळायला लागतं, आणि नवसागराचं काम वायरच्या पोटातली राळ करते. फक्त तो नवसागर किंवा नळकामाची आम्लाची पेस्ट मोटरवर अजिबात नको, मागे राहिली की तांबं हिरवं पडतं आणि काही महिन्यांनी जोड खाऊन टाकते.

तर टॅब बारीक पॉलिश पेपरने घासायचा, तोही मोटर टॅब खाली करून धरून, म्हणजे चुरा आत जात नाही (आत चुंबक आहे, लोखंडी कण एकदा चिकटला की निघत नाही). मग टॅबला थोडं सोल्डर, वायरच्या टोकाला वेगळं थोडं सोल्डर, आणि दोन्ही गार झाल्यावर वायर टॅबला टेकवून वरून एकदा आयर्न. दोन्हीकडचं सोल्डर एक होतं, आयर्न उचलायचं, आणि मग गोठेपर्यंत वायर हलू द्यायची नाही. ह्या शेवटच्या दोन सेकंदातच बहुतेक जोड बिघडतात.

हे सगळं भर मे महिन्यात दुपारी चाललं होतं, बाहेर नागपूरचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको, आणि मी कूलर बंद करायला लावला. ताई खूप चिडली. पण कूलरचा झोत टेबलवर आला की आयर्नची बिट, म्हणजे टोक, गार होते, माझं तर जुनं 25 वॅटचं सोल्ड्रॉन कंपनीचं आयर्न आहे, त्यात तापमानाचं बटण वगैरे नाही, झोतात ते पुरं पडत नाही आणि मग आपण जास्त वेळ टेकवून बसतो, म्हणजे पुन्हा तेच, प्लास्टिक मऊ. खिडकी उघडी ठेवली, धूर तिकडून गेला. हा धूर राळेचा असतो, शिशाचा नाही, पण डोळ्यांना आणि छातीला वाईटच. शिसं लागतं ते बोटांना, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तिला आंब्याला हात लावू दिला नाही.

वायर पण बदलली. तिच्या किटमधली मोजक्याच जाड तारांची होती, मोटरला बेकार. बर्डीच्या बाजारातून आणलेली पुष्कळ बारीक तारांची मऊ वायर होती माझ्याकडे, ती घेतली. आणि वायर टॅबवरून सरळ वर न नेता मोटरच्या अंगावर वळवून तिच्या प्लास्टिकच्या पट्टीखालून काढली आणि झिप टायने बांधली, म्हणजे कोणी वायर ओढली तरी ताण झिप टायवर येईल, टॅबपर्यंत पोचणारच नाही. माझ्या मते सोल्डर कितीही सुंदर असो, ही बांधणी नसेल तर तो जोड अर्धाच झाला. लाल-काळी उलटी लागली तर घाबरायचं कारण नाही, मोटर उलटी फिरते इतकंच, वायरींची अदलाबदल करायची.

दोन टॅबच्या मध्ये एक छोटा सिरॅमिक कपॅसिटर पण लावला, वर 104 लिहिलेला, म्हणजे 0.1 मायक्रोफॅरड. ब्रशमध्ये सतत बारीक ठिणग्या उडत असतात, त्याचा विजेतला खडखडाट वायरीतून कंट्रोलरपर्यंत, म्हणजे कोड चालवणाऱ्या बोर्डापर्यंत, जातो आणि कधी कधी तो बोर्ड मध्येच रिसेट होतो. कपॅसिटर हा खडखडाट मोटरपाशीच दाबतो. हाही दोष मुलं कोडमध्येच शोधतात.

आता तिला बोट बनवायची आहे, ब्रशलेस म्हणजे बिनब्रशच्या मोटरवाली. तिला एकच सांगून ठेवलंय की त्या मोटरच्या तीन वायरी लांब वाटल्या तरी कापायच्या नाहीत. पुष्कळ मोटरींमध्ये त्या आतल्या वाइंडिंगच्याच (गुंडाळीच्याच) तारा असतात, प्रत्येक तारेवर वीज अडवणाऱ्या इनॅमलचा थर, कारखान्यात फक्त टोकाला काढलेला. मी एकदा कापल्या होत्या, सोल्डर वरून छान दिसलं पण आत निम्म्या तारा जोडल्याच गेल्या नव्हत्या, मोटर नुसती झटके देत होती. शेवटी गल्लीतल्या कूलरच्या मोटरी भरणाऱ्या काकांकडे गेलो, त्यांनी ब्लेडने एकेक तार खरवडली, अर्धा तास, चष्मा कपाळावर चढवून, आणि पैसे घेतले नाहीत.

उजव्या मोटरचे दोन्ही जोड भाचीने स्वतः केले. पहिला गोठताना हलला, खडबडीत झाला, तिनेच पाहून म्हटलं की हा परत करते. दुसरा पहिल्याच वेळी झाला. संध्याकाळी गच्चीवर काळी टेप चिकटवून गाडी सोडली, फरशी अजून तापलेलीच होती, चप्पल घालून तिच्या मागे मागे फिरत होतो आम्ही, अकरा फेऱ्या झाल्या आणि मग बॅटरी संपली.