वाळवीने खाल्लेल्या नोटा: रामबाग ते भोपाळ

फाटकी नोट बँकेत बदलून मिळते हे सगळ्यांना माहीत असतं. पण किती फाटलेली, कोणत्या बँकेत, पूर्ण पैसे की अर्धे, असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं. आमच्या आत्याच्या पेटीमुळे मला हे प्रकरण मुळापासून बघावं लागलं, म्हणून लिहून ठेवतोय.

आत्या इंदूरला रामबागेत राहते. घर जुनं, खालच्या खोलीत कायमची ओल. पेन्शन बँकेत जमा होते, पण "हाताशी चार पैसे असावेत" म्हणून दरमहा थोडे काढून लाकडी पेटीत, साड्यांच्या खाली, ‘नईदुनिया’ वर्तमानपत्राच्या पानात गुंडाळून ठेवायची तिची सवय. यंदा पावसाळा सरल्यावर पेटी उघडली तर तळातून वाळवीची मातीची नळी वर चढलेली. साड्या बऱ्यापैकी वाचल्या होत्या. नोटांचं एक टोक मात्र पार साफ.

नवल काहीच नाही. आपल्या नोटेचा कागद कापसाचा असतो, आणि वाळवीला कापूस काय अन् लाकूड काय, सारखंच. गंमत म्हणजे हा कागद बनतो आमच्याच मध्य प्रदेशात, होशंगाबादला (आता नर्मदापुरम), आणि नोटा छापणाऱ्या देशातल्या चार छापखान्यांपैकी एक इथून तासाभरावर देवासला. त्यामुळे पेटीची बातमी फुटल्यावर निम्म्या रामबागेने सल्ला दिला, "देवासलाच नेऊन द्या की!" देवासचा छापखाना नोटा छापतो, लोकांच्या बदलून देत नाही. हे सांगून सांगून मी थकलो.

दुसरा सल्ला जास्त वाईट होता. बाजारात ‘कटे-फटे नोट’ बदलून देणारे बसतात, त्यांच्याकडे जा. एकाने पाचशेचे तीनशे देऊ केले. आत्या तयारही झाली होती. मी म्हटलं, "आत्या, थांब जरा, आधी नियम बघू."

नियमाचं नाव आहे भारतीय रिझर्व्ह बँक (नोट परतावा) नियम, 2009. त्यात 2018 मध्ये मोठी दुरुस्ती झाली, कारण नव्या मालिकेच्या नोटा आकाराने लहान झाल्या. या सगळ्याच्या मुळाशी 1934 च्या रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम 28 आहे आणि ते वाचून मी चाट पडलो: हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा फाटलेल्या नोटेचे पैसे हक्क म्हणून मागताच येत नाहीत, बँक ते कृपा म्हणून देते. ही कृपा कशी आणि किती करायची, याचे हे नियम.

त्यात ‘मळकी’ आणि ‘फाटकी’ या दोन वेगळ्या जाती आहेत. वापरून कळकट झालेली, किंवा दोनच तुकडे होऊन चिकटवलेली पण काहीही गहाळ नसलेली नोट ही मळकी. ती कोणतीही शाखा घेते, दिवसाला वीस नोटा आणि पाच हजार रुपयांपर्यंत विनाशुल्क. तुकडा गहाळ असेल किंवा दोनापेक्षा जास्त तुकडे झाले असतील तर ती फाटकी, आणि तिथे मोजमाप सुरू होतं. पेनाने आकडे खरडलेली नोट चालत नाही ही निव्वळ अफवा आहे. राजकीय किंवा धार्मिक संदेश, घोषणा लिहिलेली नोट मात्र बाद.

आता मोजमाप. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा 80 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर पूर्ण पैसे, 40 ते 80 टक्के असेल तर अर्धे, 40 च्या खाली काही नाही. दहा-वीसच्या नोटांना अर्धे पैसे हा प्रकारच नाही: निम्म्याहून जास्त नोट शिल्लक असेल तर पूर्ण, नाहीतर शून्य. यातला ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा. चार चिंध्या टेपने जोडून क्षेत्रफळ वाढत नाही. आत्याचा नातू उत्साहाने टेप घेऊन बसला होता, त्याला आधी उठवला.

मग मी शाळेतला आलेख कागद आणला. नवी पाचशेची नोट 150 बाय 66 मिलिमीटर, म्हणजे 99 चौरस सेंटिमीटर. तेवढा आयत आखायचा, त्यावर नोट ठेवायची, कडेने पेन्सिल फिरवायची आणि खाल्लेल्या भागातले चौकोन मोजायचे. हा उद्योग आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर करत होतो, आत्या चष्मा पुसत आणि वाळवीला शिव्या देत. पाचशेला पूर्ण पैशांची रेघ 80 चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे सहा बाय तीनचा तुकडा गेला तरी पूर्ण पाचशे हातात. त्याहून दोन चौरस सेंटिमीटर जास्त गेले की अडीचशे. जेमतेम दोन नखांचा फरक आणि निम्मे पैसे गायब.

शंभराच्या नोटांत अजून मजा. जुनी निळी शंभराची नोट 157 बाय 73, नवी जांभळी 142 बाय 66. वीस चौरस सेंटिमीटरचं तेच भगदाड जुन्या नोटेला पडलं तर ती 80 टक्क्यांच्या वर राहते आणि शंभर मिळतात. नवीला पडलं तर पन्नास. आत्या म्हणाली, "म्हणजे जुनंच बरं होतं तर." यावर मी काय बोलणार?

पहिल्या शाखेत अनुभव जो यायचा तोच आला. कॅशियरने गठ्ठ्याकडे बघून "ये यहाँ नहीं होता, अपनी बैंक में जाइए" एवढं म्हणून पुढच्या माणसाला हात केला. हे सरळ चूक होतं. मोठ्या बँकांच्या सगळ्या शाखांनी फाटक्या नोटा घ्यायच्या आहेत, आणि त्यासाठी तिथे खातं असावं लागत नाही. तिथेच भांडावं असं वाटलं होतं, पण आमच्या कामाची जागा मुळात दुसरी होती. दिवसाला पाच फाटक्या नोटांपर्यंत साधी शाखा जागच्या जागी निकाल देते. किंमत पाच हजारांच्या वर गेली की करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या नोटांचा साठा ठेवायची तिजोरी) असलेली शाखा गाठायची. आमच्याकडे नुसत्या पाचशेच्याच सव्वीस होत्या. ज्यांना साध्या शाखेतूनही परत पाठवलं जातं त्यांनी आधी त्या बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. चौकशीसाठी 14448 हा नंबर आहे.

चेस्ट शाखेत जायच्या आधी मला एका गोष्टीची धास्ती होती आणि तीच खरी निघाली. नियमात हेतुपुरस्सर कापलेल्या नोटा नामंजूर करायची तरतूद आहे. अशा नोटा ओळखायच्या कशा, याबद्दल रिझर्व्ह बँकेने शाखांना सांगून ठेवलंय की पुष्कळ नोटांत गहाळ भाग एकाच जागी आणि एकाच आकाराचा असेल तर सावध व्हा. अशा नोटा मोठ्या संख्येने आल्या तर पोलिसांनाही कळवायचं असतं. आता वाळवी गठ्ठ्यात शिरली की ती काय प्रत्येक नोटेचं वेगळं टोक खाणार? आमच्या सगळ्या नोटांचं उजवं खालचं टोक गेलेलं, वरून खाली एकाच वळणाने. कागदोपत्री आम्ही पक्के लबाड दिसत होतो.

म्हणून नोटा क्रमाने लावून नेल्या, पेटीत होत्या तशाच. सोबत ते खाल्लेलं वर्तमानपत्र, त्यावरच्या मातीसकट, एका पिशवीत. पेटीचे फोटो मोबाईलवर. आत्याला बरोबर घेतलं, कारण पैसे तिचे आणि ओळखपत्रही तिचं.

खिडकीतल्या मॅडमनी पहिल्या चार-पाच नोटा बघितल्या, मान वर केली आणि विचारलंच, "सब एक जैसे कटे हैं?" मी वर्तमानपत्र पुढे केलं. त्यांनी एक नोट उजेडात धरली. कात्रीने कापलेली कड गुळगुळीत असते. ही कड झालरीसारखी, बारीक बारीक दातांची, आणि मध्येच कागदाचा एखादा तंतू लोंबतोय. गठ्ठ्यात वरच्या नोटेचं भगदाड लहान, खाली जावं तसं मोठं होत गेलेलं, कारण वाळवी तळातून आली होती. ते बघून त्यांचा चेहरा सैल पडला. आत्याने तेवढ्यात मराठी-हिंदी मिसळून वाळवीची सगळी कुंडली सांगितली. मॅडमनी हसून नोटा मोजायला घेतल्या, पावती दिली आणि निकाल लागल्यावर रक्कम खात्यात येईल म्हणून सांगितलं. आलीही. माझ्या आलेख कागदाशी त्यांचा हिशेब जवळपास जुळला. दोन नोटा मी पूर्ण धरल्या होत्या, त्यांनी अर्ध्या धरल्या. रेघेवरच्याच होत्या, वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

उरली ती तळाची गड्डी. ओलीने नोटा एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की वीट झाली होती. चिकटलेल्या, जळालेल्या, हात लावला की भुगा होणाऱ्या नोटा बँकेच्या शाखा घेत नाहीत. त्यांना रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसातच, म्हणजे नोटांचं काम बघणाऱ्या तिच्या स्वतःच्या कार्यालयातच, जावं लागतं, तिथे त्यांच्यासाठी वेगळी पद्धत आहे. मध्य प्रदेशात ते ऑफिस भोपाळला. घरी कुणी वाफ द्यायला सांगितलं, कुणी सुरीने सोडवायला. आम्ही काहीच केलं नाही. गड्डी कापसात ठेवून प्लॅस्टिकच्या डब्यात बंद केली आणि सकाळच्या बसने निघालो.

भोपाळची खेप एका बाबतीत चांगलीच फळाला आली. पेटीत दोन हजारांच्या तीन गुलाबी नोटा, अगदी धडधाकट. त्या 19 मे 2023 रोजी चलनातून मागे घ्यायचं जाहीर झालं, बँकांनी 7 ऑक्टोबर 2023 पर्यंत घेतल्या. पण त्या बाद झालेल्या नाहीत, आजही कायदेशीर चलन आहेत, फक्त आता रिझर्व्ह बँकेच्या 19 इश्यू ऑफिसांतच जमा होतात. भोपाळ त्यातलंच. ज्यांना जाणं जमत नाही त्यांना टपालानेही पाठवता येतात. आत्याच्या ओळखपत्रावर ते काम झालं.

हजाराच्या जुन्या नोटाही दोन निघाल्या होत्या, 2016 च्या नोव्हेंबरात बाद झालेल्या. त्यांना वाळवीने स्पर्शही केला नव्हता. कोपरे ताठ, कागद करकरीत, आणि किंमत शून्य. अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं 2017 च्या कायद्याने गुन्हा आहे, दोनांना हरकत नाही. त्या नातवाने घेतल्या.

चिकटलेल्या गड्डीचा अर्ज भरून, खात्याचा तपशील देऊन आम्ही पावती घेतली. डबा घेताना खिडकीवरच्या माणसाने झाकण उघडून आत बघितलं आणि गड्डी सोडवायचा प्रयत्न केला नाही ते बरं केलंत असं म्हणाला. निकालाला वेळ लागला. रक्कम आली तेव्हा गड्डीतल्या सगळ्याच नोटांचे पैसे नव्हते, अगदी तळाच्या गेल्या. तरीही बाजारातल्या त्या माणसाच्या भावापेक्षा बरंच जास्त हातात पडलं.

माझ्या आलेख कागदाच्या झेरॉक्स सध्या रामबागेत फिरतायत. परवा शेजारच्या काकू उंदराने कुरतडलेली वीसची नोट घेऊन आल्या. नवी वीसची 129 बाय 63, निम्म्याला 41 चौरस सेंटिमीटर लागतात. त्यांच्याकडे पन्नासच्या वर होते. म्हटलं, काकू, टेप लावू नका, जवळच्या कुठल्याही बँकेत द्या, पूर्ण वीस मिळतील.