मेंदू तर साफ होता

तान्ह्या पोळ्याला नागपुरात आमच्या जनावरांच्या रोगतपासणीच्या लॅबला सुट्टी असते, पण रेबीजच्या नमुन्याला ते ठाऊक नसतं. त्यात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. महाल-इतवारीकडचे रस्ते बंद, आणि थर्माकोलचा डबा घेऊन निघालेली जीप पार पलीकडून वळसा घालत आली. तिकडे लोक ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडत होते आणि इकडे आमची रोगराई ट्रॅफिकमध्ये अडकली होती.

डब्यात बैलाचं डोकं होतं. पाठवणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकाचं कौतुक आधीच करून टाकते. दुहेरी प्लास्टिक, मध्ये कापूस, भोवती बर्फ, आणि फॉर्म वेगळ्या पाकिटात, कोरडा. नाहीतर कितीदा तरी मेंदू फॉर्मलिनमध्ये बुडवून येतो आणि आमच्या नेहमीच्या तपासणीचे बारा वाजतात.

फॉर्मवर हकीकत लिहिलेली: चार दिवसांपासून खाणं बंद, लाळ, आवाज घोगरा, मागचे पाय लटपटतात, पोळ्याच्या रात्री मृत्यू. कुत्रा चावल्याची माहिती: नाही. उपचार: घशात काही अडकल्याच्या संशयाने हात घालून पाहिले. हातमोजे होते का, याला फॉर्मवर रकानाच नाही. लाळ गळतेय आणि गिळता येत नाही असं जनावर दिसलं की आधी रेबीज आठवा, घसा नंतर, हे शिकवून शिकवून आमचेच घसे कोरडे पडलेत.

कवटी आम्ही शक्यतो फोडत नाही. कुऱ्हाड चालली की शिंतोडे उडतात. मज्जारज्जू कवटीत शिरतो त्या मोठ्या छिद्रातून नळी सरकवायची, किंचित फिरवायची आणि ब्रेनस्टेमचा, म्हणजे मेंदूच्या देठाचा, तुकडा अखंड बाहेर काढायचा, मग त्याच वाटेनं लहान मेंदूचा. आत काही दिसत नाही, सगळा हाताचा अंदाज. आमचे एक अटेंडंट हे इतक्या सफाईनं करतात की मी त्यांच्याकडूनच शिकले. ते अजून कंत्राटावर आहेत.

तुकडे ट्रेमध्ये ठेवले. घट्ट, फिकट गुलाबी. ना पू, ना रक्त साकळलेलं. रेबीजमध्ये हे असंच असतं, तरी दर वेळी मला ते खटकतं.

स्लाइडवर ठसे घेतले, थंड ॲसिटोनमध्ये ठेवले, मग विषाणूला नेमक्या चिकटणाऱ्या, चमकणारा रंग जोडलेल्या अँटिबॉडी टाकून अर्धा तास ३७ अंशांवर. धुतलं आणि खोलीतले दिवे घालवले. तुलनेसाठीच्या स्लाइडपैकी रेबीज नसलेली काळी, रेबीज असलेली हिरवी, आणि बैलाची स्लाइड त्याहून हिरवी. म्हणजे रेबीजच. बारीक ठिपक्यांचा सडा आणि मधूनमधून ठसठशीत गोळे. हे गोळे १९०३ मध्ये अदेल्की नेग्री यांनी पाहिले तेव्हा त्यांना ते परजीवी वाटले होते. प्रत्यक्षात तो विषाणूचा कारखाना. तिथे त्याच्या आरएनएच्या, म्हणजे जनुकीय मजकुराच्या, प्रती निघतात.

विषाणू म्हणाल तर केवढासा. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, लांबी साधारण १८० नॅनोमीटर, पाच प्रथिनं. सुमारे १२,००० अक्षरांचा आरएनए, तो ‘एन’ प्रथिनात लपेटलेला. आमच्या अँटिबॉडी मुख्यतः या ‘एन’लाच चिकटतात. आरएनए असा उलटा की पेशीला थेट वाचता येत नाही, म्हणून तो वाचणारं ‘एल’ प्रथिन विषाणू बरोबर घेऊनच येतो. बाकी सगळं पेशीचं: प्रथिनं बनवणारे रायबोसोम, कच्चा माल, ऊर्जा. बाहेर पडताना अंगावर घेतो ते चरबीचं पटलसुद्धा पेशीचंच. त्यावर ‘जी’ प्रथिनाचे काटे, पुढच्या पेशीला चिकटायला.

संध्याकाळी बैलाच्या मालकांना, एका बाबांना, फोन लावला. लाळेशी कुणाकुणाचा संबंध आला ते विचारलं. पोळ्याचा दिवस! घरातल्या सगळ्यांनी पुरणपोळी भरवलेली, शेजारच्या पोरांनीसुद्धा. बैल गिळेना, तेव्हा बाबांनी जबड्यात हात घालून घास आत लोटला.

“रात्री आवतन देल्लं होतं नं मॅडम. उपाशी कसा ठिवू?”

कुत्र्याचं पुन्हा विचारलं. खूप वेळानं निघालं: “पेरनीच्या टायमाले मांगच्या पायाले चावलं होतं. पन थे तं तवाच बरं झालं.”

जखम बरी झाली, विषाणू आतच राहिला. आधी स्नायूत, मग नसेच्या टोकातून आत शिरून मज्जारज्जूकडे आणि तिथून मेंदूत. मेंदूतून पुन्हा नसांवाटेच लाळग्रंथीत. या सगळ्याला आठवडे लागतात, महिनेही.

“मेंदू सडला होता काय?”

“नाही. साफ होता.”

“मंग मेला कायनं?”

मी म्हटलं, समजा तुमच्याच शेतात, तुमच्याच बैलजोडीनं दुसरा कुणी पीक काढून नेतोय. बांध फुटलेला नाही, वावर जसंच्या तसं, पण तुमच्या घरात दाणा येत नाही. बाबा “हं” म्हणाले. पटलं की नाही कोण जाणे. मला स्वतःला ते अजून पुरतं पचत नाही. पोलिओचा विषाणू चेतापेशी फोडून बाहेर पडतो. रेबीजच्या विषाणूला ती जिवंत हवी असते, कारण तोच त्याचा कारखाना आणि तोच रस्ता. त्याचं ‘पी’ प्रथिन पेशीची धोक्याची घंटाच दाबून धरतं. रेबीजचे जे वाण चेतापेशींना लवकर मारतात, ते उलट कमी घातक ठरतात. पेशी शाबूत, पण गिळण्याचे, श्वासाचे संदेश बिघडलेले. एवढं सगळं होऊनही ट्रेमध्ये पाहणाऱ्याला काही दिसत नाही.

बाबांच्या हाताला भेगा होत्या. पंधरा मिनिटं साबणानं हात धुवा म्हटलं. उशीर झाला असला तरी धुवा, साबणानं ते चरबीचं आवरण विरघळतं. आणि सकाळी लस, शिवाय भेगांमध्ये सीरम. त्यातल्या अँटिबॉडी, विषाणू नसेत शिरण्याआधीच, त्याच्या काट्यांना धरतात. एकदा आत गेला की हाती काही उरत नाही. “सन आटोपला का येतो” म्हणाले, तेव्हा मात्र माझा आवाज चढला.

दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकाचा फोन. घरची आणि शेजारची सगळी टोचून आली होती. बाबा तेवढे जोडीतल्या दुसऱ्या बैलाला घेऊन जनावरांच्या दवाखान्यापुढे उभे. म्हटलं, त्या बैलाचं तुम्ही बघा, पण आधी बाबांना जीपमध्ये बसवा.