पाच किलो तांदूळ आणि १०३ पायऱ्या

सप्टेंबरात आम्ही दोघं स्पेनला कामिनोवर, म्हणजे सान्तियागोला जाणाऱ्या तीर्थयात्रेच्या वाटेवर, चालायला जाणार आहोत. सारिया ते सान्तियागो, साधारण ११५ किलोमीटर. प्रमाणपत्रासाठी किमान १०० किलोमीटर पायी चालावं लागतं, म्हणून पुष्कळ लोक सारियाहूनच निघतात. आमचाही हिशेब तोच!

माझं वय ५८, गुडघ्यांचं थोडं जास्तच. जानेवारीत पर्वतीपासून सुरुवात केली. १०३ पायऱ्यांत असा दम लागला, की देवापुढचा नमस्कार मुद्दाम लांबवला. आता पाच फेऱ्या होतात, तेही सॅकमध्ये पाच किलो तांदूळ घेऊन. (पिशवी न फोडलेलीच न्यावी. एकदा घरभर तांदूळ वेचलेत.)

चढताना नुसता दम लागतो, खरी परीक्षा उतरताना. सिंहगडावरून आतकरवाडीकडे उतरले आणि घरी मोजा काढला तर डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. बूट रोजच्या मापाचे घेतले होते. उतारावर पाय पुढे सरकतो आणि बोटं टोकावर आदळत राहतात. आता अर्धा नंबर मोठे बूट, नाडी घोट्यापाशी घट्ट, आणि आदल्या दिवशी नखं कापायची.

अहोंची तऱ्हा वेगळी. रविवारी गड, पिठलं-भाकरी, मटक्यातलं दही, की सोमवारी सोफा. पण तिकडे सहा दिवस सलग रोज वीसेक किलोमीटर आहेत. दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी निघायची सवय नको? म्हणून सोमवारी पहाटे पाचला मीच दिवा लावते. "आजही?" म्हणत ते मोजे शोधायला लागतात.