माणूस ठेवायचाय, पण पैसे कधी येणार?

नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा, असं उद्योजकतेच्या प्रत्येक शिबिरात सांगतात. सांगणाऱ्याची तळमळ खरी असते, पोरं पण मन लावून ऐकतात, पीएमईजीपी नाहीतर मुद्रा ह्या सरकारी कर्ज योजनेचा फॉर्म भरतात आणि कामाला लागतात. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोली, हातकणंगले, इचलकरंजी ह्या पट्ट्यातल्या छोट्या युनिट्सचे हिशोब लिहितो, जीएसटी भरतो, बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करून देतो, त्यामुळं ह्या पोरांचं पुढं काय होतं ते मला त्यांच्या बँक स्टेटमेंटमध्ये दिसतं. धंदा सुरू होतो, बऱ्याच जणांचा नीट चालतो पण, हप्ते जातात, घर चालतं. फक्त त्यात दुसरा माणूस येत नाही. सुरुवातीला एकटा, पाच वर्षांनी पण एकटाच, फार तर बायको नाहीतर भाऊ मदतीला.

हे फक्त आमच्याकडचं नाही. 2013-14 च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात 5.85 कोटी आस्थापना मोजल्या होत्या आणि त्यात काम करणारी माणसं होती 13.13 कोटी, म्हणजे एका ठिकाणी सरासरी सव्वादोन. त्यातल्या जवळजवळ 72 टक्के ठिकाणी पगारी माणूस एक पण नव्हता. त्यानंतर सरकारनं असंघटित क्षेत्राची वेगळी पाहणी सुरू केली, तिच्या 2023-24 च्या आकड्यांत शेती सोडून असे 7.34 कोटी धंदे आणि 12.06 कोटी माणसं. भागाकार करून बघा, दोन पण होत नाहीत. ह्या दोन मोजण्या एकाच प्रकारच्या नाहीत, त्यामुळं एकमेकींशी तुलना नको करायला, पण दोन्हीत दिसतंय ते एकच. आपल्याकडं धंदे कमी नाहीत, धंदे ढीगभर आहेत, ते वाढत नाहीत.

आणि रोजगार तयार होतो तो धंदा वाढल्यावर. चहाचा एक गाडा होता तिथं दोन गाडे झाले की दोघांचं पोट भरतं हे खरं, पण पहिल्याचं गिऱ्हाईक निम्मं होतं. चालत्या वर्कशॉपमध्ये चौथा माणूस लागला तर ती खरी नवी नोकरी. त्यामुळं किती कर्जं वाटली ह्या आकड्याकडं मी फारसं बघत नाही. मुद्रा योजना 2015 ला आली, त्यात शिशु गट 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. शिशु कर्जानं शिलाई मशीन येतं, भाजीचा माल येतो, सावकाराकडं जायची वेळ टळते, हे फार मोलाचं आहे आणि त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण 50 हजारांत दुसऱ्याला वर्षभर पगार देता येईल असा धंदा उभा राहत नाही, हे आपण मान्य करायला पाहिजे.

मग ज्याचा धंदा त्याच्या पुढं गेलाय, ज्याच्याकडं मशीन आहे, ऑर्डर आहे, तो माणूस का ठेवत नाही? माझ्या एका क्लायंटचं उदाहरण सांगतो. शिरोलीला मशीनशॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, विकत घ्यायचं, ते आपल्याकडं मशीनिंग करायचं आणि तयार पार्ट मोठ्या कंपनीला सप्लाय करायचा असं काम. एक व्हीएमसी आणि दोन सीएनसी लेथ अशी कॉम्प्युटरवर चालणारी तीन मशीनं, चार ऑपरेटर, एक हेल्पर आणि तो स्वतः. काम इतकं आहे की तो स्वतः जेवण बाजूला ठेवून मशीनवर उभा असतो. पण रात्री मशीन बंद. दुसरी शिफ्ट लावली तर नवीन मशीन न घेता आणखी तीन-चार पोरांना काम लागेल, जागा तीच, भाडं तेच, मशीनचा हप्ता तर चालूच आहे. मी त्याला म्हटलं लाव की दुसरी शिफ्ट. तो म्हणाला, "सर, पोरांचा पगार दहा तारखेला द्यायला लागतोय, आणि माझं बिल तीन महिन्यांनी येतंय. मधले पैसे कुठनं आणू?"

आता ह्याचं गणित मांडतो, आकडे मी समजायला सोपे पडावेत म्हणून गोल धरलेत. समजा महिन्याला सहा लाखांची बिलं होतात आणि पैसे 90 दिवसांनी येतात, म्हणजे कायम 18 लाख बाहेर अडकलेले. तेच 45 दिवसांत आले तर अडकणार 9 लाख. उरलेले 9 लाख आज तो कुठनं आणतो, तर बँकेच्या सीसीतून, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जातून. 12 टक्के व्याज धरलं तर वर्षाला 1 लाख 8 हजार, महिन्याला 9 हजार. आमच्याकडं नव्या हेल्परच्या पगारातला मोठा हिस्सा त्यात निघतो. म्हणजे एका माणसाचा पगार आज पण जातोच आहे, फक्त तो माणसाला न जाता बँकेला व्याज म्हणून जातोय, ते पण दुसऱ्याच्या उशिरापायी! त्यात मालावर 18 टक्के जीएसटी, तो बिल फाडल्याच्या पुढच्या महिन्यात भरायचा, कंपनीकडनं पैसे आलेत का नाहीत हे कायद्याला विचारायचं कारणच नाही. कास्टिंगवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, पण वरचा फरक खिशातनं घालायला लागतो. आणि कधी कधी तीन महिन्यांनी पेमेंट येतं तेव्हा सोबत डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचा कागद येतो, अमुक पीस रिजेक्ट म्हणून, आणि ते पीस बघायला पण मिळत नाहीत.

दुसरी शिफ्ट लावायची तर सहा लाखांचं बिल दहा लाखांवर जाईल, म्हणजे अडकणारे 18 चे 30 लाख होतील. काम वाढलं की पैशाची ओढाताण वाढते हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. त्यामुळं शहाणा माणूस काम नाकारतो. मी स्वतः बघितलंय, चांगली ऑर्डर दारात आलेली परत गेली.

ह्यावर कायदा नाही असं पण नाही. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा 2006 चा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करारच नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे असं त्यात स्पष्ट लिहिलंय. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. तक्रार करायला सरकारनं 2017 मध्ये समाधान पोर्टल काढलं, राज्यात असे वाद सोडवायला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. एवढं सगळं असून माझ्या ओळखीतले किती जण तक्रार करतात? जवळपास कोणीच नाही. ज्या कंपनीकडं पैसे अडकलेत तीच कंपनी उद्याची ऑर्डर देणार असते. केस टाकली की दुसऱ्या दिवसापासून काम बंद होणार ही भीती प्रत्येकाच्या मनात बसलेली आहे. तक्रार करतो तो ज्याचा त्या कंपनीशी संबंध आधीच तुटलाय. तिप्पट व्याजाचं कलम कितीही कडक असू दे, ते वापरायची ताकदच ज्याच्यात नाही त्याला काय उपयोग.

म्हणून मला 43बी(एच) हे कलम जास्त महत्त्वाचं वाटतं. 2023 च्या फायनान्स ॲक्टनं ते इन्कमटॅक्समध्ये आणलं आणि असेसमेंट इयर 2024-25 पासून, म्हणजे 2023-24 च्या हिशोबापासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरा. ह्यात छोट्यानं तक्रार करायचीच गरज नाही, मोठ्याचा सीए स्वतःच त्याला सांगतो की बाबा मार्चच्या आत ह्यांचे पैसे सोड. 2024 च्या सुरुवातीला ह्यावरून कापड बाजारात बराच आरडाओरडा झाला, व्यापाऱ्यांच्या संघटनांनी अंमलबजावणी पुढं ढकला म्हणून मागणी केली. त्या मार्चमध्ये माझ्या काही क्लायंटच्या खात्यात अशी जुनी बिलं जमा झाली की ज्यांची त्यांनी आशा सोडली होती. पण काही ठिकाणी दुसरा खेळ पण झाला, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग असल्याची सरकारी नोंदणी, काढून टाक नाहीतर माल घेणार नाही असं सांगितलं गेलं. आणि मार्च सोडला तर बाकी वर्षभर गाडी परत जुन्याच चालीनं. तरी पण ह्या कलमाच्या बाजूनं उभं राहायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

ट्रेड्स म्हणून अजून एक सोय आहे, बिल ऑनलाइन चढवायचं, कंपनीनं ते मान्य करायचं, बँका त्यावर बोली लावतात आणि छोट्याला काही दिवसांत पैसे मिळतात, कंपनी मुदतीला बँकेला देते. आधी 500 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणीची सक्ती होती, नोव्हेंबर 2024 मध्ये ती मर्यादा 250 कोटींवर आणली. पण सक्ती नोंदणीची आहे, बिल मान्य करायची नाही, आणि गाडी तिथंच अडते.

आपल्याच भागाचा इतिहास बघितला तर पैशाला धीर असणं किती महत्त्वाचं ते कळतं. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, त्यांच्या मागं जहागिरीचे नारायणराव बाबासाहेब घोरपडे उभे होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1888 ला सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढं लोखंडी नांगर केला तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी घेईनात. बेळगावातली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल स्टेशनजवळ जमीन दिली, पैशाची मदत केली आणि 1910 ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. माल खपेपर्यंत थांबायची तयारी असलेला पैसा मागं होता, म्हणून माळावर अख्खं गाव वसलं. आज संस्थानिक नाहीत आणि नकोच आहेत, पण ती थांबायची जबाबदारी कुणीतरी घ्यायला पाहिजे. आज उलटं झालंय, ज्याच्याकडं सगळ्यात कमी पैसे तोच सगळ्यात जास्त थांबतोय. शिरोलीतला पाच माणसांचा कारखाना हजारो कोटींच्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देतोय.

इचलकरंजीत तर ह्याचं पुढचं रूप बघायला मिळतं. तिथला खर्चीवाला यंत्रमागधारक कागदावर उद्योजकच आहे. माग त्याचे, शेड त्याची नाहीतर भाड्याची, वीजबिल त्याच्या नावावर. पण सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, ह्याला मिळते ती मजुरी, पिकाला, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्याला, इतके पैसे अशी. दर तो ठरवत नाही. आठवड्याचा पगार झाला की कामगार समोर उभा असतो, त्याला थांब म्हणता येत नाही, सुताच्या कांड्या भरणाऱ्या कांडीवाल्या बाईला थांब म्हणता येत नाही, वीज कंपनी तर थांबतच नाही. असे कित्येक जण शेवटी माग भंगारात विकून मोकळे झाले, वजनावर. एक माग गेला की मालकाबरोबर कामगार, माग दुरुस्त करणारा जॉबर, कांडीवाली, हमाल सगळ्यांचं थोडं थोडं जातं आणि ते कुठल्याच यादीत येत नाही.

काही जण म्हणतात कामगार कायद्यांमुळं लोक माणसं वाढवत नाहीत, वीस झाले की पीएफ लागतो म्हणून एकोणीसवर थांबतात. असे असतील, पण मी ज्यांचं काम करतो ते पाच-सहावर अडकलेत, त्यांना वीसची भीती कशाला वाटेल! दुसरं म्हणतात कामाला पोरं मिळत नाहीत. हे थोडं खरं आहे, पण पगार कधी बाराला कधी वीसला होत असेल तर आयटीआय केलेला चांगला ऑपरेटर कशाला थांबेल, तो पुण्याला जाणारच.

धंदा नव्यानं सुरू करणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की उद्यम रजिस्ट्रेशन पहिल्या दिवशी करा, नंबर प्रत्येक बिलावर छापा, पर्चेस ऑर्डरमध्ये दिवस किती लिहिलेत ते सही करायच्या आधी बघा, आणि एकाच कंपनीवर सगळं काम ठेवू नका.

आणि हे वाचणाऱ्यांमधले बरेच जण आमच्याच भागातून गेलेले, आज चाकणला, रांजणगावला, नाशिकला मोठ्या कंपन्यांच्या पर्चेसला नाहीतर अकाउंट्सला आहात. तुमच्या टेबलवर छोट्या व्हेंडरचं बिल येतं तेव्हा मालाची एंट्री त्याच दिवशी करा, क्वालिटीची सही अडली असेल तर एक फोन करा, ट्रेड्सवर आलेलं बिल मान्य करून टाका, आणि पेमेंट रनमध्ये कुणाचं आधी घ्यायचं हे तुमच्या हातात असेल तर एमएसएमईची यादी वर घ्या. शिरोलीतल्या त्या दुसऱ्या शिफ्टला तीन-चार पोरं लागणार आहेत.