वॉकर आडनावाचा माग

सासरे गेल्यानंतर त्यांच्या कपाटातले कागद लावण्याचे काम माझ्याकडे आले. मी मूळची साताऱ्याची. लग्न झाल्यापासून, म्हणजे गेली अठरा वर्षे, इंग्लंडमध्ये वेस्ट यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डजवळ राहते. सासरचे आडनाव वॉकर. इतकी वर्षे मी त्या नावाने सही करत आले, पण त्याचा अर्थ 'चालणारा' असणार असे गृहीत धरून कधी पुढे चौकशी केली नव्हती. कागदांत १८७४ चा एक विवाहदाखला निघाला. तो हातात घेऊन सासूबाईंनी विचारले, "हे लोक पहिल्यापासून इथलेच का गं?" त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी पुढची तीन वर्षे गेली.

आडनावाचा अर्थ मात्र ग्रंथालयात पंधरा मिनिटांत कळला. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या आडनावांचा ऑक्सफर्डचा चार खंडांचा कोश २०१६ साली निघाला आहे. त्यात वॉकर म्हणजे लोकरीचे कापड तुडवून घट्ट करणारा कारागीर, असे दिलेले आहे. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड विरळ आणि तेलकट असते. ते दगडी डोणीत शिळ्या मूत्रात किंवा मातीच्या पाण्यात भिजवून तासन्‌तास पायांनी तुडवले, की तेलकटपणा निघतो, कापड आटते आणि धागे एकमेकांत गुंतून ते दाट होते. ही माती म्हणजे आपण चेहऱ्याला लावतो ती मुलतानी माती, हे वाचल्यावर तो सगळा धंदा एकदम माझ्या ओळखीचा झाला. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पायांच्या जागी पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे येऊ लागले, पण कारागिराचे नाव तेच राहिले. याच कामाला इंग्लंडच्या आग्नेय भागात फुलर म्हणत आणि नैर्ऋत्येला टकर. उत्तरेत आणि मध्य भागात वॉकर. त्यामुळे ही तीन आडनावे आजही कोणत्या भागात दाट आहेत हे पाहिले, तर मध्ययुगीन बोलींचा नकाशाच समोर येतो. आपल्याकडे रंगारी किंवा शिंपी हे जसे धंद्यावरून पडलेले आडनाव, तसेच हे.

परंतु आडनावाचा अर्थ कळणे आणि घराण्याचा इतिहास कळणे या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक मला स्वतःच्या चुकीतूनच समजला.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. विवाहाच्या दाखल्यावर वर आणि वधू या दोघांच्याही वडिलांचे नाव व व्यवसाय असतो, त्यामुळे एका दाखल्यावरून मागच्या पिढीपर्यंत जाता येते. (आयांची नावे त्यावर यायला २०२१ साल उजाडावे लागले, पावणेदोनशे वर्षांच्या कागदांत बायका अशा गाळल्या गेल्या याचे मला पदोपदी वाईट वाटले.) १८७४ च्या दाखल्यावर वराच्या वडिलांचे नाव होते जॉन वॉकर. हा जॉन १८५१ च्या जनगणनेत सापडला: वय ३०, जन्म ऑल्मंडबरी पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीत. १८४१ च्या जनगणनेचा फारसा उपयोग झाला नाही, कारण तिच्यात प्रौढांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली असतात आणि जन्मगावाऐवजी जन्म त्याच काउंटीत झाला की नाही एवढेच नोंदवलेले असते.

ऑल्मंडबरीच्या नोंदवहीत १८२० आणि १८२१ अशा लागोपाठच्या वर्षी दोन जॉन वॉकर यांचा बाप्तिस्मा झालेला होता. एकाचे वडील जोसेफ आणि दुसऱ्याचे विल्यम. कोणीतरी तयार करून ठेवलेल्या एका वंशवृक्षात आमचा जॉन जोसेफच्या नावाखाली जोडलेला होता, आणि तो इतका नेटका दिसत होता की मी त्यावर विश्वास ठेवला. चार महिने मी जोसेफचे वडील, आजोबा, पणजोबा शोधत १६९० च्या आसपास पोहोचले आणि सासूबाईंना मोठा तक्ता काढून दिला. मग एका संध्याकाळी, जोसेफच्या बायकोचा मृत्यू कधी झाला ते पाहण्यासाठी दफनाच्या नोंदी चाळत असताना, १८२३ मधल्या एका ओळीवर माझी नजर थांबली: जॉन वॉकर, राहणार हॉन्ली, वय दोन वर्षे. दफनाच्या नोंदीत वय आणि राहण्याचे ठिकाण १८१३ पासून छापील रकान्यांत भरले जाते, म्हणून तर ती ओळ मला बोलली: वय आणि ठिकाण दोन्ही जोसेफच्या मुलाशी जुळत होते. जोसेफचा जॉन अडीच वर्षांचाही झाला नव्हता. ज्याच्या बापजाद्यांना मी चार महिने आपले म्हणत होते, ते मूल कोणाचाही पूर्वज होण्याआधीच गेले होते. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही, आणि त्याचे कारण केवळ वाया गेलेली मेहनत हे नव्हते.

खरे तर जॉनच्या स्वतःच्या लग्नाचा, १८४५ चा दाखला मी आधीच मागवायला हवा होता. तो मागवल्यावर त्यावर स्वच्छ लिहिलेले निघाले: वडील विल्यम वॉकर, व्यवसाय क्लोदियर, म्हणजे घरी माग ठेवून कापड तयार करून बाजारात विकणारा. यानंतर मी एक नियम केला, की प्रत्येक पिढीसाठी स्वतंत्र कागद हवा, आणि ती व्यक्ती लहानपणी दगावली नाही याची खात्री दफनाच्या नोंदीतून करायची.

पुढे या विल्यमचा बाप्तिस्माच मिळेना. या खोऱ्यांमध्ये चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथांचा जोर असल्यामुळे पुष्कळ मुलांचे बाप्तिस्मे चॅपलमध्ये होत; तशा जुन्या वह्या १८३७ नंतर सरकारने गोळा केल्या आणि त्या आता लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्यात विल्यम सापडला, त्याचे वडीलही सापडले आणि मी अठराव्या शतकात शिरले. तिथे आणखी एक कोडे पडले: सूचीनुसार एका जोडप्याचे लग्न मे १७२८ मध्ये आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२८ मध्ये. मूळ पानाची प्रत पाहिल्यावर उलगडा झाला. १७५२ पूर्वी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलत असे, म्हणून मे १७२८ नंतर येणारा फेब्रुवारीही १७२८ चाच. मूल लग्नानंतर नऊ महिन्यांनीच झाले होते.

इथे थांबावे लागले. मे १७२८ मध्ये लग्न झालेला हा थोरला विल्यम वॉकर १७०० ते १७०८ या काळात त्याच पॅरिशमध्ये जन्मलेल्या तीन विल्यम वॉकरांपैकी नेमका कोणता, हे ठरवणारा एकही कागद मला मिळालेला नाही. वेस्ट रायडिंगची, म्हणजे यॉर्कशरच्या पश्चिम भागाची, १३७९ ची डोईपट्टीची यादी उपलब्ध आहे आणि तिच्यात बहुतेकांकडून चार पेन्स तर कारागिरांकडून त्याहून जास्त घेतल्याचे दिसते. काही ठिकाणी आडनाव आणि धंदा जुळतात, काही ठिकाणी जुळत नाहीत, म्हणजे आडनाव बापाकडून मुलाकडे जाण्याची रीत तेव्हा नुकती रुजत होती. त्या यादीतल्या वॉकरांपैकी एकाला आमचा मूळपुरुष म्हणण्याचा मोह मला झाला, पण ते खोटे ठरले असते. ऑक्सफर्डचे आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाच्या पुरुषांचे, बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र तपासले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांमध्ये ते एकसारखे निघाले, आणि त्यावरून त्यांनी या यॉर्कशरच्या आडनावाचा एकच मूळपुरुष असावा असा निष्कर्ष काढला. वॉकरचे तसे होणे शक्य नाही. जिथे जिथे कापड तुडवले जात होते तिथे तिथे नवा वॉकर तयार होत होता, म्हणून आडनाव एक असणे हा नात्याचा पुरावा ठरत नाही.

शेवटचा कागद यॉर्कच्या बॉर्थविक अभिलेखागारात मिळाला, जिथे १८५८ पूर्वीची चर्चच्या न्यायालयातली मृत्युपत्रे आहेत. थोरल्या विल्यमचे मृत्युपत्र १७६१ चे आहे. सतराव्या शतकातल्या कागदांइतके ते अक्षर अवघड नव्हते, तरी एका पानाला मला पूर्ण सकाळ लागली. घर बायकोला, ती असेपर्यंत. कापड ताणून वाळवण्याची आकड्यांची चौकट धाकट्या मुलाला. आणि थोरल्याला माग. मराठीत मागोवा आणि हातमाग या दोन्हींना एकच शब्द आहे, हे मला त्या टेबलापाशी बसून प्रथमच जाणवले. खाली सही नव्हती. त्याच्या नावाच्या मधोमध त्याने काढलेली एक जाड, जराशी तिरकी फुली होती. तिची प्रत मी सासूबाईंना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली आणि सासऱ्यांच्या फाइलमध्ये, १८७४ च्या दाखल्याच्या मागे ठेवली.